थेंबावरची साय: जड क्रूडमधलं पाणी सुटत का नाही

लोणी कढवायला ठेवलं की आधी ते वितळतं, मग फेसाळतं आणि मग बराच वेळ तडतडत राहतं. लोण्यात अडकून बसलेले पाण्याचे बारीक थेंब एकेक करून वाफ होऊन निघत असतात, त्याचा तो आवाज. तडतड थांबली, तळाशी बेरी बसली की तूप झालं. ज्यांनी हे एकदा नीट पाहिलंय त्यांना तेल आणि पाण्याच्या इमल्शनबद्दल निम्मं कळलंच आहे. तेलात पाणी बारीक थेंबांच्या रूपात अडकतं, थेंबाभोवती कसली तरी साय असते म्हणून ते सुटत नाही, उष्णतेने साय सैल पडते, आणि ती साय ज्याची बनली होती तो ऐवज शेवटी तळाशी सापडतो.

कच्चं खनिज तेल, म्हणजे क्रूड, शुद्ध करणाऱ्या रिफायनरीत रोज हेच काम चालतं. तिथलं पातेलं म्हणजे एक आडवी बंद टाकी, दोन-तीन एसटी एकामागे एक उभ्या कराव्यात एवढी लांब. तिला डिसॉल्टर म्हणतात, म्हणजे मीठ काढणारी. इमल्शनला शास्त्रीय मराठीत ‘पायस’ असा छान शब्द आहे, पण प्लांटवर सगळे इमल्शनच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो.

मात्र तूप आणि क्रूड यांच्यात एक मोठा फरक आहे. तुपातलं पाणी आपण उकळून घालवतो. क्रूडच्या बाबतीत ते चालत नाही, कारण त्या पाण्यात मीठ विरघळलेलं असतं. पाणी उडालं तर मिठागरात होतं तेच इथेही होईल: पाणी गेलं, मीठ मागे राहिलं, आणि तेही तेलात. म्हणून डिसॉल्टरमध्ये तेल १२० ते १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, पण आतला दाब इतका ठेवतात की पाणी उकळता कामा नये. पाणी पाणीच राहायला हवं आणि मिठासकट तळाला जायला हवं.

मीठ एवढं का टोचतं? आकडा मांडून पाहू. मीठ मोजायचं तेलधंद्यातलं जुनं माप आहे ‘हजार बॅरलमागे किती पाउंड’. एक बॅरल म्हणजे १५९ लिटर. रोज २ लाख बॅरल क्रूड घेणारी रिफायनरी धरा आणि त्या क्रूडमध्ये हजार बॅरलमागे ५० पाउंड मीठ आहे असं समजा. म्हणजे दिवसाला १०,००० पाउंड, साडेचार टन मीठ. एवढं मीठ रोज भट्टीत आणि पाइपांत जाऊ दिलं तर काय होईल हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. डिसॉल्टरनंतर हा आकडा हजार बॅरलमागे १ पाउंडाच्या आसपास यावा अशी अपेक्षा असते. म्हणजे तरीही रोज ९० किलो.

त्यात खरा त्रास देणारं मीठ आपलं जेवणातलं नव्हे. सोडियम क्लोराईड तापमानाला बऱ्यापैकी टिकतं. मॅग्नेशियम आणि कॅल्शियमची क्लोराईडं मात्र गरम तेलात पाण्याच्या अंशाशी फुटतात आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सोडतात. भट्टीतून तेल ३५० अंशांच्या पुढे तापून बाहेर पडतं, त्यामुळे तिथे याला भरपूर संधी मिळते. हा वायू कोरडा असेपर्यंत फारसं बिघडवत नाही. पण तो ऊर्ध्वपातनाच्या उंच मनोऱ्यात वर चढतो, आणि वरच्या टोकाला जिथे वाफेचा पहिला थेंब पाणी होतो, त्या थेंबात शिरतो. तो थेंब म्हणजे कडक आम्ल. ज्या पाइपाची भिंत वीस वर्षं टिकायची, ती अशा ठिकाणी काही महिन्यांत कागदासारखी पातळ होऊ शकते. खाली डिसॉल्टरमध्ये न सुटलेलं पाणी वर मनोऱ्याच्या टोकाला भोक पाडतं. हे नातं जोवर डोळ्यांसमोर येत नाही, तोवर इमल्शन हा एक किरकोळ वैताग वाटतो.

आता गंमत अशी की मीठ काढायला आधी आणखी पाणी घालावं लागतं. क्रूडबरोबर आलेले खारट थेंब फार बारीक आणि विखुरलेले असतात, शिवाय काही मीठ कोरड्या कणांच्या रूपातही असतं. म्हणून क्रूडच्या साधारण ३ ते १० टक्के गोडं पाणी त्यात सोडतात आणि एका खास व्हॉल्व्हमधून दोन्ही दाबाने ढकलतात, म्हणजे ते घुसळलं जातं. गोड्या पाण्याचे थेंब खाऱ्या थेंबांना भेटतात, एक होतात, मोठे होतात, खाली बसतात. मुद्दाम इमल्शन बनवायचं आणि पुढच्या अर्ध्या तासात ते मोडायचं, असा हा खेळ आहे. घुसळण कमी पडली तर मीठ धुतलं जात नाही. जास्त झाली तर थेंब इतके बारीक होतात की बसतच नाहीत.

थेंब किती बारीक झाला की बसत नाही, हे जॉर्ज स्टोक्सने १८५१ मध्येच सांगून ठेवलंय. थेंब किती वेगाने बुडेल हे तीन गोष्टींवर ठरतं: थेंबाच्या व्यासाचा वर्ग, पाणी आणि तेल यांच्या घनतेतला फरक, आणि तेल किती दाट, म्हणजे वाहायला किती चिकट, आहे ते. जड क्रूड इथे दोन्हीकडून मार खातं. मुंबई हायचं क्रूड हलकं आहे, पाण्यापेक्षा बरंच हलकं, त्यामुळे पाणी त्यातून पटकन खाली जातं. व्हेनेझुएलाच्या ओरिनोको पट्ट्यातलं तेल किंवा कॅनडातल्या अल्बर्टाच्या तेलवाळूतलं बिटुमेन घ्या. त्याची घनता जवळजवळ पाण्याइतकीच, काही वेळा जास्तच. नॅफ्त्यासारखा पातळ घटक मिसळून ते वाहतं केलं तरी फरक तुटपुंजाच राहतो.

एक हिशेब करून बघितला होता, तो अजून लक्षात आहे. डिसॉल्टरच्या तापमानाला जड क्रूड आणि पाणी यांच्या घनतेत घनमीटरमागे ५० किलोचा फरक आहे आणि साध्या हवेच्या तापमानाला पाणी जितकं दाट असतं त्याच्या दहापट तेल दाट आहे असं धरा. १० मायक्रॉनचा थेंब, म्हणजे केसाच्या जाडीच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढा, किती वेगाने बुडेल? तासाला १ मिलिमीटर. तेल तर डिसॉल्टरमध्ये तास-अर्धा तासच असतं. तोच थेंब १०० मायक्रॉनचा झाला तर तासाला १० सेंटिमीटर, ३०० मायक्रॉनचा झाला तर तासाला सुमारे ९० सेंटिमीटर. सगळा मामला थेंब मोठा करण्याचा आहे. तापमान, वीज, रसायन, जे काही वापराल ते शेवटी याचसाठी.

आणि थेंब मोठा होऊ न देणारी वस्तू म्हणजे ती साय.

जड क्रूडमध्ये अ‍ॅस्फाल्टीन नावाचे मोठे, चिकट, सपाटसे रेणू असतात. टोल्युइन या द्रावकात ते विरघळतात, हेप्टेन या द्रावकात नाही. त्यांची व्याख्याच तशी करतात. तेलात ते रेझिन नावाच्या जरा लहान रेणूंच्या आधाराने तरंगत असतात. त्यांना पाण्याचा थेंब दिसला की त्याच्या पृष्ठभागावर जाऊन बसायची त्यांची ओढ असते. एकावर एक बसत त्यांचा एक थर तयार होतो, आणि हा थर साबणाच्या फुग्यासारखा लवचिक नसतो. तापवून ठेवलेल्या दुधावरच्या सायीसारखा तो जाड आणि चिवट होत जातो. दोन थेंब एकमेकांना टेकतात, साय सायीला घासते, आणि ते तसेच वेगळे राहतात. वेळ जितका जास्त तितकी साय जुनी आणि घट्ट. आठवडेच्या आठवडे जहाजातून हेलकावे खात आलेलं इमल्शन ताज्या इमल्शनपेक्षा हट्टी असतं ते यामुळेच.

सायीत आणखी भर पडते ती बारीक कणांची. चिकणमाती, गंजातून आलेलं लोखंडाचं सल्फाईड, मेणाचे स्फटिक. स्पेन्सर पिकरिंगने १९०७ मध्ये दाखवलं की निव्वळ घन कणसुद्धा थेंबाभोवती चिलखत उभं करून इमल्शन टिकवू शकतात. अ‍ॅस्फाल्टीन चिकटलेले असे कण धड तेलात राहत नाहीत, धड पाण्यात जात नाहीत. मधल्या सीमेवर अडकतात. तुपाच्या बेरीत जो ऐवज तळाशी जातो, तो इथे मध्येच लटकतो.

हा मध्येच लटकणारा थर म्हणजे ‘रॅग लेअर’. वर तेल, खाली पाणी आणि मध्ये धड ना तेल ना पाणी असा, चॉकलेटी, दाट, कढीच्या साक्यासारखा पट्टा. थोडा असतोच, त्याचं काही नाही. तो वाढायला लागला की सगळं बिघडतं. वर सरकला तर थेंब जोडण्यासाठी टाकीत बसवलेल्या वीजजाळ्यांपर्यंत पोहोचतो, करंट चढतो, व्होल्टेज पडतं. खाली सरकला तर डिसॉल्टरच्या पाण्यातून तेल वाहून सांडपाणी प्रकल्पात जातं आणि तिथली जिवाणूंची टाकी आजारी पडते. वरून पाणी तेलाबरोबर निसटलं तर पुढे भट्टी आहे, मनोरा आहे. १ लिटर पाण्याची वाफ साध्या हवेच्या दाबाला सुमारे १,७०० लिटर जागा मागते. मोठा लोंढा गेला तर मनोऱ्यातल्या ताटल्या उखडतात. उकळत्या तेलात ओला चमचा पडल्यावर काय होतं ते आठवा आणि कढई चाळीस मीटर उंच आहे असं समजा.

रॅगचं आणखी एक दुखणं म्हणजे तो पातळीच्या उपकरणाला चकवतो. तरंगून पातळी सांगणारं साधं उपकरण घनतेवर चालतं. तेल-पाण्याच्या घनतेत फरकच थोडा, मध्ये रॅगची घनता तिसरीच, मग ते कुठलातरी आकडा दाखवतं आणि कंट्रोल रूममध्ये सगळं ठीक दिसतं. म्हणून टाकीच्या अंगाला वेगवेगळ्या उंचीवर नमुना काढायचे नळ असतात. शिफ्टमध्ये एकदा तरी कुणीतरी जाऊन प्रत्येक नळ उघडून पाहावं: इथे तेल, इथे तेल, इथे रॅग, इथे रॅग, इथे पाणी. हे काम घाणीचं आणि गरमीचं आहे, आणि म्हणूनच ते पहिल्यांदा चुकवलं जातं. माझ्या मते कुठल्याही महागड्या उपकरणाआधी या नळांची नोंदवही नीट भरली गेली पाहिजे.

साय मोडायची दोन मोठी हत्यारं शंभर वर्षांपूर्वीच सापडली, तीही अमेरिकेत. फ्रेडरिक कॉट्रेल हे कारखान्याच्या धुरातले कण विजेने पकडणाऱ्या यंत्रासाठी प्रसिद्ध. त्यांनीच जेम्स स्पीड यांच्यासोबत, उच्च दाबाच्या विजेने क्रूडमधलं पाणी वेगळं करण्याचं पेटंट १९११ मध्ये मिळवलं. विजेच्या क्षेत्रात पाण्याचा थेंब लांबट होतो, एका टोकाला धन आणि दुसऱ्या टोकाला ऋण भार येतो. शेजारच्या थेंबाचं धन टोक याच्या ऋण टोकाकडे ओढलं जातं, साय ताणली जाऊन फाटते आणि थेंब एक होतात. दुसरं हत्यार रसायनाचं. विल्यम बार्निकेल या सेंट लुईसच्या रसायनज्ञाने १९१४ मध्ये इमल्शन मोडणाऱ्या रसायनाचं पेटंट मिळवलं, आणि त्यातून ‘डिमल्सिफायर’ नावाचा धंदाच उभा राहिला. डिमल्सिफायरचा रेणू सायीत घुसतो, तिथल्या अ‍ॅस्फाल्टीनला बाजूला सारतो आणि स्वतः पातळ, लवचिक थर करतो. चिवट सायीच्या जागी तलम पडदा आला की थेंब सहज मिसळतात. मात्रा अगदी थोडी, दहा लाख भागांत काही मोजके भाग.

इथेच बहुतेक ठिकाणी चूक होते, आणि ती मी जवळून पाहिली आहे. एका रिफायनरीत जड क्रूडच्या टाकीतून तेल घ्यायला सुरुवात केली आणि रॅग वाढायला लागला. पहिली प्रतिक्रिया: डिमल्सिफायर वाढवा. वाढवला. दुसऱ्या शिफ्टने आणखी वाढवला. रॅग कमी व्हायच्या ऐवजी पसरला. कारण डिमल्सिफायर स्वतःही तेल-पाण्याच्या सीमेवर बसणारा पदार्थच आहे; गरजेपेक्षा जास्त झाला की तोच नवं इमल्शन धरून ठेवतो, कधी उलटं, म्हणजे पाण्यात तेलाचे थेंब. शेवटी एका जुन्या ऑपरेटरने विचारलं, “स्लॉप कधीपासून घेताय?” स्लॉप म्हणजे प्लांटमधलं सांडलेलं, निथळलेलं, सांडपाण्यावरून खरवडलेलं तेल, जे एका टाकीत जमवून हळूहळू क्रूडमध्ये परत घालतात. त्याच दिवशी त्याचा पंप चालू झाला होता. तो बंद केला, डिमल्सिफायर मूळ मात्रेवर आणला, आणि दोन दिवसांत रॅग खाली आला.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की डिसॉल्टरमध्ये दिसणारं इमल्शन क्वचितच डिसॉल्टरमध्ये जन्मलेलं असतं. साय कशाची आहे ते आधी विचारा. उत्तर बहुतेक वेळा टाक्यांच्या मैदानात सापडतं.

मिश्रणाचंच घ्या. जड क्रूड एकट्याने चालवणं कठीण, म्हणून त्यात हलकं क्रूड घालतात. पण हलक्या, मेणगटाच्या क्रूडमध्ये अ‍ॅस्फाल्टीनला विरघळून राहता येत नाही. हेप्टेनसारखंच ते वागतं आणि अ‍ॅस्फाल्टीन गाळाच्या रूपात बाहेर पडतं. गेल्या पंधरा वर्षांत अमेरिकेतून निघालेलं शेल खडकातलं हलकं तेल कॅनडाच्या जड तेलात मिसळताना अनेकांनी हा धडा घेतलाय. यात क्रमही महत्त्वाचा आहे. एक्सॉन या तेल कंपनीत काम केलेले अर्विन वीहे यांनी उत्तर समुद्रातलं फोर्टीज आणि सीरियातलं सौएदी या दोन क्रूडच्या मिश्रणावर हे दाखवलं. हलक्याने भरलेल्या टाकीत जड सोडलंत, तर सुरुवातीला जड थोडं आणि हलकं फार, म्हणजे अ‍ॅस्फाल्टीन निघून येणार, आणि एकदा निघालेलं सहज परत विरघळत नाही. जडात हलकं थोडं थोडं घातलंत तर तेच प्रमाण निर्धोक ठरू शकतं. आपल्याकडे बेसन पाण्यात कालवताना सगळं पाणी एकदम घालत नाहीत. कारण वेगळं आहे, पण शिस्त तीच.

मग धुण्याचं पाणी. पाणी वाचवण्यासाठी प्लांटमधलंच गंधकयुक्त पाणी वाफेने साफ करून इथे वापरतात, आणि ते योग्यही आहे. पण त्यात अमोनिया राहिला तर पाणी अल्कधर्मी होतं. जड क्रूडमध्ये नॅफ्थेनिक आम्लं असतात. आम्ल आणि अल्क भेटले की साबण तयार होतो, अगदी शब्दशः साबण. तेलकट ताटावर साबण टाकल्यावर पाणी दुधाळ होतं ना, तेच डिसॉल्टरमध्ये. म्हणून धुण्याच्या पाण्याचा सामू ६ ते ७ च्या आसपास ठेवतात आणि ८ च्या वर जाऊ देत नाहीत. मनोऱ्याचा गंज आवरायला कॉस्टिक सोडा घालतात तोही डिसॉल्टरच्या पुढे घालतात, आधी नाही, याचं कारणही हेच.

आफ्रिकेतल्या चाडमधलं डोबा क्रूड या बाबतीत सगळ्यात शिकवणारं. २००३ पासून ते बाजारात आहे. जड, आम्लधर्मी, आणि त्यात कॅल्शियम भरपूर. पण ते कॅल्शियम मिठाच्या रूपात नाही, नॅफ्थेनिक आम्लाशी बांधलेलं, म्हणजे तेलात विरघळलेला साबणच. गोड्या पाण्याने ते निघत नाही. त्यासाठी धुण्याच्या पाण्यात अ‍ॅसेटिक किंवा सायट्रिकसारखं सौम्य आम्ल घालतात. ते कॅल्शियमला ओढून पाण्यात आणतं. तेल साफ होतं, पण ते आम्ल आणि कॅल्शियम आता सांडपाण्यात असतं आणि तिथल्या लोकांना त्यासाठी आधीपासून तयार ठेवावं लागतं. असं क्रूड स्वस्त मिळालं तरी हा सगळा खर्च घेणाऱ्याच्या अंगावर येतो. खरेदी करणाऱ्या माणसाने सांडपाणी प्रकल्पाच्या माणसाला एकदा फोन करावा, इतकंच मला वाटतं.

एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. इमल्शन नेहमी शत्रूच असतं असं नाही. व्हेनेझुएलाने एकेकाळी सुमारे ७० टक्के बिटुमेन आणि ३० टक्के पाणी यांचं मुद्दाम इमल्शन करून ‘ओरिमल्शन’ नावाने वीज केंद्रांना इंधन म्हणून विकलं. बिटुमेन एरवी डांबरासारखं, पंपाने हलत नाही. पण पाण्यात थेंब करून ठेवलं की सहज वाहतं. इथे पाणी बाहेर आणि तेल आत. लोणी आणि साय यांच्यात जो फरक आहे तोच: सायीत पाण्यात स्निग्धांश असतो, लोण्यात स्निग्धांशात पाणी. घुसळताना एका क्षणी हे उलटतं, आणि तो क्षण यायला तापमान जुळावं लागतं. उन्हाळ्यात लोणी हाती लागेना की आजी ताकात गार पाणी ओतायची, थंडीत कोमट. डिसॉल्टरवरचा ऑपरेटर बटणांनी जे करतो ते याहून फार वेगळं नाही.

तापमान चढवलं की तेल पातळ होतं आणि साय सैल पडते, म्हणून जड क्रूडला १४०-१५० अंशांकडे नेतात. पण तेलाची वीजवाहकता त्याबरोबर वाढते आणि ट्रान्सफॉर्मरची ताकद करंटमध्ये खर्च होते; एका मर्यादेपुढे थेंब जोडायला वीजच उरत नाही. मिक्सिंग व्हॉल्व्हवर दाबातली घट जड क्रूडला हलक्यापेक्षा कमी ठेवावी लागते. टाकी बदलल्यानंतरचे पहिले काही तास सगळ्यात धोक्याचे, कारण नव्या टाकीच्या तळाचं गाळमिश्रित पाणी आधी येतं. त्या वेळेपुरता व्हॉल्व्ह थोडा सैल सोडणं हा जुना आणि उत्तम उपाय आहे. त्याहून उत्तम म्हणजे टाकीला आधी पूर्ण एक दिवस स्वस्थ बसू देणं आणि तळाचं पाणी काढून टाकणं. डिसॉल्टरच्या तळाला साचलेला गाळही पाण्याच्या फवाऱ्याने नियमित ढवळून काढावा लागतो, नाहीतर टाकीची जागा कमी होते आणि थेंबांना बसायला मिळणारा वेळही.

डिमल्सिफायर निवडायची पद्धत अजूनही बाटल्यांचीच आहे. खुणा केलेल्या काचेच्या बाटल्या ओळीने मांडायच्या, प्रत्येकीत तेच क्रूड, तेच पाणी, वेगळं रसायन. ठरावीक वेळा हलवायच्या, गरम पाण्यात ठेवायच्या, आणि ५, १०, ३० मिनिटांनी तळाला किती पाणी सुटलं, ते स्वच्छ आहे की दुधाळ, मधला पट्टा किती जाड, हे वाचायचं. सगळ्यात लवकर पाणी सोडणारी बाटली जिंकली असं नसतं. मधला पट्टा सगळ्यात पातळ ठेवणारी बाटली मी निवडेन. आणि क्रूड नेहमी त्या आठवड्याचं ताजं घ्यावं. महिन्यापूर्वीच्या नमुन्यावर निवडलेलं रसायन आजच्या मिश्रणाला लागू पडेलच असं नाही, कारण साय वेगळी झालेली असते.

उरतो तो काढलेला रॅग. काही डिसॉल्टरना तो मधूनच ओढून घ्यायची वेगळी नळी असते, आणि जड क्रूड चालवायचं असेल तर ती असायलाच हवी. पण ओढलेला रॅग बरेचदा जातो कुठे, तर स्लॉपच्या टाकीत. तिथून दोन आठवड्यांनी क्रूडबरोबर पुन्हा त्याच डिसॉल्टरमध्ये येतो, साय आणखी जुनी, आणखी घट्ट घेऊन. ही साखळी तोडायला त्याची वेगळी टाकी लागते, तिथे तो तापवून, वेगळ्या रसायनाची मात्रा देऊन, तेल, पाणी आणि गाळ तिन्ही वेगळे करणाऱ्या सेंट्रिफ्यूजमधून काढावा लागतो. गाळ बाहेर निघतो तेव्हा तो काळा, मेणचट, बेरीसारखाच दिसतो.